खालच्या सात ओळी

बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, अशाच क्रमानं ती लिहिलेली असते. पानावर जागा कमी पडली की शेवटच्या ओळी काढायच्या, वरचं तसंच राहू द्यायचं. उपसंपादक म्हणून मी हे काम एकोणीस वर्षं केलं. कापलेला मजकूर कुणी जपून ठेवत नाही, आणि कापणाऱ्यालाही तो सहसा आठवत नाही. मला एकाच बातमीच्या सात ओळी आठवतात. ती बातमी पक्ष्यांच्या गाण्याबद्दल होती आणि तिची सुरुवात माझ्या वडिलांच्या गॅलरीत झाली होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते पंचविशीत लातूरकडून इकडे पुण्याजवळ आले आणि आधी भोसरीत, नंतर चाकणला, अशी सगळी नोकरी त्यांनी प्रेस शॉपमध्ये केली. प्रेस शॉप म्हणजे कारखान्याचा तो भाग, जिथे पत्र्यावर अवजड साचा आदळतो आणि एका ठोक्यात गाडीच्या दाराचा आकार तयार होतो. ठोके दिवसभर पडत राहतात. तिथे बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. म्हणून प्रेस शॉपचा माणूस घरीही ओरडतो. महाळुंग्यात आमच्या गल्लीत अशी चार-पाच घरं होती, आणि कुणाकडे आज कसली भाजी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. आईचं एक वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकलं : "हळू बोला की. घर हाय हे, कंपनी न्हाई."

कंपनीतली एक सवय अण्णांनी घरी आणली होती. साच्यात पत्रा ठेवणारा एक माणूस असतो आणि बटण दाबणारा दुसरा. बटण दाबण्याआधी दुसऱ्यानं विचारायचं, "हात?" पत्रा ठेवणाऱ्यानं दोन्ही हात वर करून सांगायचं, "बाहेर!" उत्तर आल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. पुढे नवी मशिनं आली. हात आत असेल तर ती आपली आपण थांबायची. तरीही अण्णांच्या वयाच्या माणसांनी विचारणं सोडलं नाही. त्यांच्या ओळखीत बोटं गमावलेली माणसं होती.

घरी ते कपाट लावताना विचारायचे, ट्रंकेचं झाकण टाकताना विचारायचे, मालाच्या रिक्षाचं मागचं फळकं पाडताना विचारायचे. "हात?" आणि मी, आई, जो कुणी जवळ असेल तो ओरडायचा, "बाहेर!" कॉलेजात असताना मला याची लाज वाटे. तरी उत्तर देत असे, कारण उत्तर दिल्याशिवाय ते दार लावत नसत.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच लाइनवर काम केलेल्या एका मित्रानं त्यांना फिंचची जोडी आणून दिली. हे मित्र आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. चिमणीपेक्षाही लहान पक्षी, लाल चोचीचे. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, मादी साधी राखाडी. त्यांना खायला लागणारा राळा आई गावाकडून मागवू लागली. नर दिवसातून अनेकदा गायचा. गाणं असं काही गोड नव्हतं. तेल न घातलेली बिजागरी पटापट हलवावी तसा तो आवाज होता. अण्णा पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून तासन् तास बसायचे.

त्याच सुमाराला त्यांचा आवाज उतरू लागला.

ते एका दिवसात झालं नाही, म्हणून नक्की कधी सुरू झालं हे कुणाला सांगता येत नाही. आधी त्यांचं खालच्या मजल्यावरून हाक मारणं बंद झालं. मग टीव्हीसमोर बसून बातम्या वाचणाऱ्याशी भांडणं बंद झालं. घरात शांतता आली. आम्हाला ती आवडली, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. आई शेजारणींना सांगायची, "इतक्या वर्षांनी कंपनी यांच्या अंगातून निघाली बघा." मी कामाच्या जागीही हे कौतुकानं सांगितलं होतं.

मागच्या गल्लीतले मित्र आले की चेष्टा करायचे. "वहिनी, ह्यांना मौनव्रत लागलंय का काय? साहेबाला पार गेटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायचा माणूस!"

"मी बोलायलोय की," अण्णा म्हणायचे.

"काय म्हणले?" मित्र आईला विचारायचे.

"बोलायलोय म्हणतेत."

"मग बोला की राव!"

अण्णा चिडायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं : आपण नेहमीसारखंच बोलतो, कान या लोकांचे गेलेत. त्यांनी ते इतक्या खात्रीनं लावून धरलं की एकदा आईनं खरंच कान तपासून घेतले. तिचे कान उत्तम निघाले. तिनं घरी येऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या. आता तुमचे दाखवा." अण्णांच्या कानात बिघाड होता. तो असणारच होता. प्रेस शॉपमधल्या प्रत्येकाच्या कानात तो थोडाफार असतो. त्यांना यंत्र मिळालं. यंत्र लावल्यावर आवाज आणखी उतरला. यंत्र देणाऱ्या मुलानं सांगितलं, असं होतं, आता त्यांना स्वतःचा आवाज मोठा ऐकू येतो म्हणून ते हळू बोलतात. ते आम्हाला पटलं. प्रेस शॉपच्या घरात काहीही झालं की आधी कानावर संशय जातो. तोंडाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी तेव्हा मारुंजीला राहत होते, अजूनही तिथेच राहते. सुट्टी मंगळवारी असायची. त्या दिवशी महाळुंग्याला जायचं, इतर दिवशी फोन करायचा, असं ठरलेलं होतं. एकदा फोनवर अण्णांनी मला पक्ष्यांबद्दल सांगितलं.

"ह्या नराची दोन गाणी हायत."

"काय? मोठ्यानं बोला."

"दोन गाणी हायत म्हणलं. गाणं एकच, पण दोन जातीचं. मादी समोर असली की चोख म्हणतंय. एकसारखं. अन् ती आत घरट्यात गेली की चुकतंय, खोडतंय, परत म्हणतंय. ट्रायल घेतल्यासारखं."

यातलं निम्मं मला पुन्हा विचारावं लागलं. रेंज जातेय असं मी म्हणाले. रेंज गेलेली नव्हती.

निरीक्षण मात्र चांगलं होतं, आणि आमच्या विज्ञानाच्या पानाला मजकूर हवाच होता. मी पुण्यातल्या एका संशोधिकेची वेळ घेतली. ती याच जातीच्या पक्ष्यांवर काम करत होती. अण्णांनी सांगितलेलं मी तिला ऐकवलं, "एका वाचकाचं निरीक्षण" म्हणून. ती हसली. म्हणाली, तुमच्या वाचकाला आमच्याकडे पाठवा, हे समजायला विद्यार्थ्यांना एक सत्र लागतं.

तिनं जे सांगितलं ते माझ्या वहीत आहे. नर पिल्लू मोठ्या नराचं ऐकून गाणं शिकतं. आधी अडखळतं, मग ऐकलेल्याशी जुळवत जातं. मोठा झाल्यावरही नर एकटा असताना गाण्यात बारीक बदल करून पाहतो. मादीसमोर तो ते बदल आवरतो आणि गाणं नेमकं म्हणतो. चोच तीच, गळा तोच. फरक मेंदूत असतो. गाणं शिकण्याचं आणि सांभाळण्याचं काम करणारा एक भाग मेंदूत खोलवर आहे, तिथे डोपामिन नावाचं रसायन पोचतं, आणि त्याचं प्रमाण या दोन वेळी वेगळं असतं. डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते अर्धवट आहे, असं ती म्हणाली. कुठली हालचाल किती जोरानं करायची, कधी मोकळं सोडायचं आणि कधी आवरायचं, हेही त्यावर ठरतं. मी विचारलं, ते कमी पडलं तर पक्षी गायचा थांबतो का? ती म्हणाली, तसंच असेल असं नाही. गाणं राहतं. त्यातला फरक पुसला जातो. सगळं एकाच सुरात येऊ लागतं.

मग तिनं शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. मी ती लिहून घेतली आणि बातमीच्या शेवटी घातली. माणसाच्या मेंदूतही असाच भाग आहे. कंपवातात तिथलं डोपामिन कमी होतं. अशा काही माणसांचा आवाज हात थरथरण्याच्या आधीच बारीक आणि सपाट होऊ लागतो. त्या माणसाला स्वतःला मात्र आपण नेहमीइतक्याच जोरानं बोलतो आहोत असं वाटतं. घरचे लोक ते वयावर किंवा स्वभावावर ढकलतात.

पान संध्याकाळी लागलं. पाणीकपातीची बातमी वाढली आणि माझी बातमी सात ओळींनी जास्त झाली. माझी बातमी मीच कापली. सवयीनं खालून. दोन सेकंदांचं काम होतं. बातमी पक्ष्यांची आहे, माणसाचा रोग तिच्यात शेपटासारखा आलाय, असंही मला त्या वेळी वाटलं होतं. संपादनाच्या दृष्टीनं निर्णय चूक नव्हता. आजही एखाद्या नव्या मुलानं तो परिच्छेद तसा ठेवला असता तर मी त्याला तोच काढायला सांगितला असता.

ते वाक्य मी ऐकलं होतं, वहीत लिहिलं होतं, टाइप केलं होतं आणि कापलं होतं. इतक्या वेळा हाताखालून जाऊनही मला ते घरातल्या कुणाबद्दल आहे असं वाटलं नाही. पुढच्या मंगळवारी मी छापलेलं पान अण्णांना नेऊन दिलं. त्यांनी भिंग लावून वाचलं. मग काहीतरी बोलले.

"काय?"

"वाचक म्हणजे मी का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"तुम्हीच."

ते पान त्यांनी घडी घालून राळ्याच्या डब्याखाली ठेवलं.

त्यानंतर एक वर्ष आणि पाच महिने गेले. हे मी नंतर मोजलं.

दर मंगळवारी मी निघाले की अण्णा खाली यायचे आणि माझ्या गाडीचं दार स्वतः लावायचे. लावण्याआधी अर्थातच विचारायचे. त्या दिवशी मला घाई होती. शिफ्ट सुटायच्या आत चाकणचा चौक ओलांडायचा होता. मी गाडी सुरू केली, पट्टा लावला. अण्णा दार धरून उभे होते. दार लागेना.

"अण्णा, लावा ना. ट्रॅफिक वाढेल."

ते तसेच उभे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी दार ओढलं, त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं. मी वैतागून वर पाहिलं आणि त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज आला नाही. मी एसी बंद केला, मग गाडी बंद केली.

"हात?" ते विचारत होते. शब्द नव्हता तो, नुसता श्वास होता.

"बाहेर," मी म्हणाले.

"चार बारीला इचारलं."

"मग मोठ्यानं विचारायचं ना, अण्णा."

"मोठ्यानंच इचारलं, बाई."

त्यांनी दार लावलं. मी चौकापर्यंत गेले. सिग्नलला थांबले असताना मला वहीतलं वाक्य आठवलं, अगदी शब्दाला शब्द. त्या माणसाला स्वतःला मात्र आपण नेहमीइतक्याच जोरानं बोलतो आहोत असं वाटतं. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा सिग्नल सुटून गेलेला होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं चिमटीसारखी उघडमिट करायला लावली, व्हरांड्यात चालवून पाहिलं. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता. तेही आम्ही कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून असा आहे?"

आई माझ्याकडे पाहू लागली. मग तिनंच उत्तर दिलं. "रिटायर झाल्यावर काही दिसांनी. आमाला बरंच वाटलं होतं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

गोळ्या सुरू झाल्या. मेंदूत डोपामिन कमी पडतं, गोळी ते भरून काढायला मदत करते. चालणं सुधारलं, शर्टाची बटणं पुन्हा लावता येऊ लागली. आवाज फारसा सुधारला नाही. गोळीचा आवाजावर तेवढा परिणाम होत नाही, त्यासाठी वेगळा व्यायाम करावा लागतो, असं कळलं. म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागलो.

पहिल्या भेटीनंतर मी एकटी मागे थांबले. बातमीदारानं विचारावं तसा एकच प्रश्न विचारला. दीड वर्ष आधी आलो असतो तर फरक पडला असता का?

"आजारात नाही," बाई म्हणाल्या. "आवाजात थोडा पडला असता."

मी वहीत लिहिलं : थोडा. जितक्या लवकर सराव सुरू होईल तितकं राहिलेलं राखता येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुढचं मी लिहिलं नाही.

बाईंनी अण्णांना घरात रोज लागणारी दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. सराव त्यांचाच करायचा होता. अक्षर बारीक होत चाललं होतं म्हणून अण्णांनी सांगितली आणि मी लिहिली. चहा टाक. कोण आलंय. राळा संपला. टीव्ही बारीक कर. पहिलं मात्र त्यांनी विचार न करता सांगितलं होतं : हात?

बाईंनी यादी वाचली. "हे काय? हे तर वाक्यच नाही."

अण्णांनी त्यांना प्रेस शॉप सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण दर शब्दाला बाई कानामागे तळवा धरून म्हणत होत्या, "ऐकू आलं नाही." शेवटी त्यांनी नियम घालून दिला. घरात कुणीही ओठ पाहून उत्तर द्यायचं नाही. ऐकू आलं तरच द्यायचं. माया केली की आवाज आणखी उतरतो.

आता रोज सकाळी गॅलरीत सराव चालतो. आधी एक लांब "आ", श्वास संपेपर्यंत. मग दहा वाक्यं. मित्र कधी कधी मोबाइलवर आवाज मोजायला येऊन बसतात. काटा वर गेला की ओरडतात, "आला, आला, गेटपर्यंत आला!" नर गाऊ लागला की म्हणतात, "आता पिंजऱ्यात कोण अन् बाहेर कोण, कळंना राव." अण्णा हसतात. चेहऱ्यावर ते फार दिसत नाही, पण खांदे हलतात.

मादी गेल्या पावसाळ्यात मेली. नर एकटाच आहे. अण्णांनी दुसरी मादी आणू दिली नाही. तो आता एकाच जातीचं गाणं म्हणतो, चुकत, खोडत. मित्र म्हणाले, बिचारा. अण्णा म्हणाले, "बिचारा कामून? सराव करायलाय." हे मला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. सकाळची गोळी घेतल्यानंतरची वेळ होती ती.

आईला नियम पाळता येत नाही. इतक्या वर्षांनंतर ती ओठ पाहायच्याही आधी उत्तर देते. चहा टाक म्हणायच्या आत चहा टाकते. बाईंनी तिला दोनदा रागावून पाहिलं. "ज्यांना आयुष्यभर हळू बोला म्हणलं त्यांना आता वरडा म्हणू का?" तिनं विचारलं. नियम पाळण्याचं काम म्हणून माझ्याकडे आलं.

गेल्या मंगळवारी मी निघाले तेव्हा अण्णा नेहमीप्रमाणे खाली आले. जिना उतरायला आता त्यांना वेळ लागतो. मी गाडीत बसले. एसी लावला नाही, गाडी सुरू केली नाही, काच खाली घेतली. त्यांनी दार धरलं आणि ओठ हलले. मला काय विचारलंय ते माहीत होतं. मी समोर रस्त्याकडे पाहत राहिले.

पुन्हा विचारलं. आता हवेसारखं काहीतरी ऐकू आलं. उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. वर गॅलरीत आई उभी होती. ती मला म्हणाली, "दे की ग उत्तर. किती वेळ उभं करतीस त्यांना?"

अण्णांनी श्वास घेतला. सकाळी "आ" म्हणायच्या आधी घेतात तसा, खांदे वर करून.

"हात?"

समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. लहानपणी घरात होता त्याच्या पावपटही तो आवाज नव्हता. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून वर धरले.

"बाहेर."

त्यांनी दार लावलं. मग खिडकीपाशी वाकून आणखी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात हलवून जाऊ दे असं केलं आणि ते जिन्याकडे वळले.